पट्ट्यात दोन बोटं

माझ्या ओळखपत्रावर ‘नर्सिंग असिस्टंट’ असं छापलंय, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. मी मावशी. तिशीत इथे लागले तेव्हापासून मावशी आहे. सत्तरीची माणसंही मला मावशीच म्हणतात आणि मी त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडलंय. माझं काम माणसं इकडून तिकडे नेण्याचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिसऱ्या मजल्यावरून खाली व्यायामाच्या हॉलमध्ये, तिथून पुन्हा वर, आणि अधूनमधून व्हॅनमध्ये घालून वसईला स्कॅनसाठी. सगळी डोक्याला मार लागलेली माणसं. कुणी गाडीवरून पडलेलं, कुणी बांधकामावरून, कुणी नुसतंच बाथरूममध्ये घसरलेलं. मोठ्या हॉस्पिटलात जीव वाचतो, टाके निघतात, पण घरी न्यावं तर घरच्यांना झेपत नाही, मग अशी माणसं काही महिन्यांसाठी आमच्या सेंटरमध्ये येतात. सेंटर त्यांना पेशंट म्हणत नाही, रहिवासी म्हणतं. आमच्या चंदनसार भागात आजूबाजूला इतक्या सोसायट्या उभ्या राहिल्यात की आमचे रहिवासीही त्यात खपून जातात.

मला माणसांचे चेहरे उशिरा लक्षात राहतात. आधी लक्षात राहतं वजन, आणि कुठली बाजू कमजोर आहे ते. जिन्यात कधी एखादा बरा होऊन गेलेला माणूस भेटायला येतो, हसतो, आणि मी ओळखीचं हसून मनात म्हणते, हा कोण? मग तो पाय टाकतो आणि मला आठवतं, अरे, हा तर डावी बाजू, ऐंशी किलो, लिफ्टमध्ये गेल्यावर ओरडणारा.

खुर्चीतून माणूस उठवायची एक पद्धत आहे. आमच्या फिजिओ मॅडम तिचं काहीतरी इंग्रजी नाव घेतात. आम्ही मावश्या तिला मिठी म्हणतो. ‘सात नंबरची मिठी झाली का गं?’ असं आम्ही वॉर्डच्या या टोकाकडून त्या टोकाला बिनदिक्कत विचारतो, आणि नवीन आलेले नातेवाईक दचकतात. पण ती मिठीच असते. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या फळ्या वर घ्यायच्या. मग समोर उभं राहायचं, आपले गुडघे त्यांच्या कमजोर गुडघ्याला टेकवून तो अडवायचा, वाकायचं, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर घ्यायची आणि पाठीमागून कमरेच्या पट्ट्याला धरायचं. हा पट्टा रुंद, कापडी, आम्हीच बांधतो. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोघांनी मिळून उठायचं. उचलायचं नाही. उचललं की मॅडम ओरडतात, कारण उचललेल्या माणसाचा पाय काही शिकत नाही आणि आपली कंबर जाते ती वेगळीच.

जे बरेच सुधारलेत, जवळजवळ आपले आपण उठतात, त्यांना मी धरत नाही. फक्त मागून पट्ट्यात दोन बोटं घालून ठेवते. वजन घ्यायला नाही, खबर घ्यायला. माणूस कलायच्या आधी पट्टा सांगतो. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही माणूस पडलेला नाही, आणि याचा मला जरा जास्तच गर्व होता.

गेल्या वर्षी निर्मळ गावाहून एक काकू आल्या. साठीच्या आतबाहेर, अंगाने भरलेल्या, उजवी बाजू कमजोर. वाडीतली फुलं घेऊन नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात निघाल्या होत्या, वाटेत पडल्या. डोक्याच्या डाव्या बाजूला मार, त्यामुळे बोलणं गेलं. गेलं म्हणजे सगळंच नाही. ‘नको’ राहिलं. आकडे राहिले, एक म्हटलं की वीसपर्यंत थांबायच्या नाहीत. आणि प्रार्थना राहिल्या. संध्याकाळी त्यांच्या चर्चचे फादर आले की काकू त्यांच्याबरोबर अख्खी प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हणायच्या, आणि फादर गेल्यावर पाणी मागता यायचं नाही म्हणून रडायच्या. डॉक्टर सांगतात की पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं. असेल. पण ते रोज बघायला फार चमत्कारिक वाटायचं.

काका रोज यायचे. निर्मळहून आधी बस, मग शेअर रिक्षा. स्कूटर त्यांनी परत चालवली नाही, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं. काका शिडशिडीत, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हाताच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. पिशवीत वेलची केळी असायची, ती आधी मावश्यांना वाटायचे आणि मग काकूंच्या पलंगाशी बसायचे. त्यांची घरची बोली वेगळी. दोघांच्यात ती चालायची, म्हणजे काका बोलायचे आणि काकू ऐकायच्या, आणि मला त्यातलं निम्मं कळायचं. माझ्याशी मात्र ते शाळेत शिकल्यासारखं नीट मराठी बोलायचे. काकूंना भरवणं, केस विंचरून वेणी घालणं, नखं कापणं, सगळं तेच करायचे. कमजोर हाताची बोटं एकेक करून उलगडून पुसायचे. वेणी तर अशी घालायचे की आमच्या सिस्टर म्हणाल्या, काका, माझी पण घाला.

एकच गोष्ट ते करत नसत. काकूंना उठवायची वेळ आली की उठून भिंतीला लागायचे. ‘तुम्हीच करा मावशी,’ म्हणायचे.

सुरुवातीला चाललं. पण सेंटरचा नियम आहे. रहिवासी घरी सोडायचा तर घरच्या एका माणसाने मिठी शिकायची आणि मॅडमसमोर करून दाखवायची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि खुर्चीतून रिक्षात. कुणाची मदत न घेता. मॅडम कागदावर सही करतात, आणि जी मावशी त्या रहिवाशाला नेते-आणते, म्हणजे मी, तिचीही खाली सही लागते. हे जमलं नाही तर काकूंना निर्मळला सोडणार नव्हते. मग त्या मुलाकडे नायगावला जाणार होत्या, नव्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. घरात लिफ्ट होती, कमोड होता, चोवीस तासांची बाई ठरवून ठेवलेली होती. तो आणि सून सकाळी आठला बाहेर पडत आणि रात्री नऊला येत, पण त्याला ते काय करणार?

त्याने हे सगळं काकूंना नीट समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘नको.’ तो मला म्हणाला, ‘मम्मी सगळ्यालाच नको म्हणते.’ सांगत मला होता, बघत आईकडे होता. तो गेल्यावर काकूंनी खिडकीकडे तोंड केलं आणि दोन दिवस व्यायामाच्या हॉलमध्ये पाय टेकवला नाही. जेवणही निम्मं परत जायचं. नको म्हणण्यातसुद्धा फरक असतो. केळं नको वेगळं आणि हे वेगळं.

महिनाअखेर त्यांचा पलंग दुसऱ्याला दिलेला होता. म्हणजे काकांकडे अठरा दिवस होते.

मॅडमने शिकवायला घेतलं. मॅडम विशी-पंचविशीतल्या, हुशार, घाईच्या. ‘काका, सिंपल आहे. गुडघा ब्लॉक, हग, बेल्ट, आणि रॉक अँड स्टँड.’ काकांनी मान डोलावली, काकूंच्या पुढ्यात उभे राहिले आणि हातभर अंतरावरून दोन्ही मनगटं धरून ओढू लागले, विहिरीतून बादली काढतात तसे. कमजोर हात असा ओढला तर खांदा निखळतो. मॅडम किंचाळल्या. काकांनी हात एकदम सोडले आणि काकू खुर्चीत मागे आपटल्या.

मला वाटलं, लाजतायत. का वाटणार नाही? मी रत्नागिरीची. माझ्या आईवडिलांनी आयुष्यात चारचौघांत एकमेकांचं नाव घेतलं नाही, हात धरणं तर लांबच. आमच्याकडे येणारे साठीतले सगळे नवरे इथेच अडतात. बायकोचं संडासाचं भांडं धुतील, पण दहा माणसांसमोर तिला छातीशी धरा म्हटलं की कानापर्यंत लाल होतात. त्यावर माझा ठरलेला उपाय होता, चिडवायचं. हसण्यावारी गेलं की माणूस मोकळा होतो. तशी मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काका, लग्न झालंय ना तुमचं? की अजून बोलणीच चाललीयेत?’

अख्खा हॉल हसला. ज्यांना एरवी कशाचं हसू येत नाही तेही हसले. मॅडम हसल्या. काकासुद्धा थोडे हसले. मी खूश. जिभेला हाड नाही असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, मला ते कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी काका आले, पण हॉलमध्ये आले नाहीत. म्हणून मी वर खोलीतच पडदा ओढला, बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं. म्हटलं, ‘घ्या, आता कोण नाही. मी पण तिकडे तोंड करते.’ त्यांनी काकूंच्या पाठीमागे हात नेले. गुडघाही बरोबर अडवला. मी मोजलं. काकू उठायला लागल्या, आणि त्या खुर्चीपासून बोटभर वर आल्या असतील नसतील, काकांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. मी धावले म्हणून बरं. काका घामाने निथळत होते. ‘माफ करा,’ म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मी मनात हात टेकले. मॅडमला जाऊन सांगितलं की नायगावचीच तयारी करा, यांच्याच्याने होणार नाही. वैतागून सांगितलं, कारण माझेही तीन तास गेले होते.

दहा दिवस उरले असताना काकूंचं स्कॅन आलं. मी, ड्रायव्हर, काकू आणि काका असे व्हॅनने वसईला निघालो. व्हॅनमध्ये खुर्ची मधोमध जमिनीला पट्ट्यांनी जखडतात, मी मागे बसते, नातेवाईक बाजूच्या सीटवर. त्या दिवशी ऊन होतं, रस्त्याला नेहमीची गर्दी, आणि एका वळणावर एक स्कूटरवाला अचानक आडवा आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. माझे हात खुर्चीकडे जायच्या आधी काका तिथे पोचले होते. सीटवरून उठून त्यांनी काकूंना दोन्ही हातांनी पुढून घट्ट धरलं होतं, छातीशी, हनुवटी खांद्यावर, गुडघे गुडघ्यांना टेकलेले. शिकवूनही कुणाला इतकं बरोबर येत नाही.

खुर्ची जखडलेली होती, काकूंना काही झालं नसतंच. व्हॅन पुन्हा चालू लागली तरी काकांनी सोडलं नाही. मी म्हणाले, ‘काका, बसा आता.’ ते बसले. मग मीच म्हणाले, ‘जमतंय की. मग हॉलमध्ये कसली लाज?’

‘लाज नाही हो मावशी,’ ते म्हणाले.

‘मग काय?’

ते काकूंकडे बघत होते. काकूंचा डोळा लागला होता, स्कॅनच्या आधीची गोळी दिली होती.

‘त्या दिवशी गाडी हलकी झाली,’ काका म्हणाले. ‘गतिरोधक गेला आणि गाडी एकदम हलकी झाली. मागचं वजन गेलं हे मला कळलं, मावशी. कळलं. पण मला वाटलं, फुलांचा भारा पडला. ती एका बाजूला पाय टाकून बसायची, एक हात भाऱ्यावर, दुसरा मागच्या दांड्याला. मी चिडलो. म्हटलं, हिला भारा धड धरून बसता येत नाही. तोंडाने बोललोसुद्धा तसं. आणि तसाच पुढे गेलो, सावली बघून गाडी लावायला. मग मागे बघितलं, तर भारा मागेच बांधलेला होता.’

मी काकूंच्या खुर्चीचा पट्टा उगाच पुन्हा ओढून बघितला. 

‘तुम्ही तिला उठवता ना,’ ते पुढे म्हणाले, ‘तेव्हा खुर्चीतून वजन सुटतं. माझ्या हाताला ते तसंच लागतं. अगदी तसंच.’

व्हॅनमध्ये मला माझ्या चेष्टेची लाज वाटली. आम्ही माणसांची वजनं ओळखतो म्हणून मी मिरवते, आणि या माणसाच्या हातात इतकं काय होतं ते मला इतके दिवस कळलं नव्हतं. वेणी घालणारा माणूस हात लावायला लाजेल कसा, एवढंसुद्धा डोक्यात आलं नव्हतं. स्कॅनच्या बाहेर बसलो होतो तेव्हा मी त्यांना म्हणाले की चुकलं माझं. ते म्हणाले, काय चुकलं? त्यांनी खरंच विचारलं, आणि त्याने मला आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हॉलमध्ये बोलावलं, त्याच सगळ्यांसमोर. म्हटलं, ‘बसा खुर्चीत.’

‘मी?’

‘तुम्हीच. उजवा हात आणि उजवा पाय हलवायचा नाही. सोडून द्या.’

मी पुढ्यात उभी राहिले, गुडघे अडवले, वाकले आणि त्यांना मिठी मारली. मागून एक मावशी म्हणाली, ‘अगं, घरी फोन लावू का तुझ्या?’ मी म्हटलं, ‘लाव, येऊ दे, त्यांना पण शिकवते.’ मग जो हशा पिकला तो माझ्यावर पिकला आणि मला तो हवाच होता. काका माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून आक्रसून बसले होते. अंगाला केळीच्या चिकाचा तुरट वास.

‘आता बघा,’ मी त्यांच्या कानाशी म्हणाले. ‘वजन जातं कुठे, तेवढंच बघा. बाकी काही नाही.’ आणि सावकाश उठवलं, एरवी उठवते त्याच्या चौपट सावकाश. ‘खुर्चीतून सुटलं? सुटलं. आता कुठे आलं? तुमच्या डाव्या पायावर आलं. उरलेलं माझ्या छातीवर. कुठे हरवलं का? नाही. पुन्हा बसा.’

सात-आठ वेळा उठवलं त्यांना. पाचव्या खेपेला तेच म्हणाले, ‘आलं, तुमच्यावर आलं.’ मग मी काकूंना खुर्चीत घातलं.

जमलं लगेच असं नाही. पहिल्या दिवशी डोळे मिटून केलं आणि मधेच बसवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ब्रेक विसरले. ब्रेक ते नेहमीच विसरायचे, लक्ष सगळं काकूंकडे. तिसऱ्या दिवसापासून उठवता उठवता पुटपुटायला लागले, ‘आली, आली, आली.’ काकू डाव्या हाताने त्यांचा शर्ट पाठीमागे मुठीत धरायच्या. रोज घरी जाताना काकांच्या पाठीवर तो चुरगळा असायचा. काकू जेवायला लागल्या. नायगावचा विषय निघाला की अजून नको म्हणायच्या, पण आता त्यात दम होता.

परीक्षा महिना संपायच्या दोन दिवस आधी झाली. पलंगावरून खुर्चीत, उत्तम. संडासात, उत्तम. मुलगा रजा काढून आला होता, तो मोबाइलवर शूटिंग करत होता. मग खाली गेटवर खरी रिक्षा बोलावली. उतारावरून खुर्ची मीच आणली, रिक्षाच्या बाजूला लावली, ब्रेक लागले की नाही ते पायाने बघून घेतलं आणि मागे झाले. मॅडम रिक्षाच्या पलीकडे कागद घेऊन उभ्या.

काका वाकले. एक, दोन, तीन काकूंनीच म्हटलं. दोघं उठले. आणि नेमकं त्याच वेळी रिक्षावाल्याने, त्याला काय वाटलं कोण जाणे, रिक्षा चालू केली. धडधडाट झाला. काका थिजले. काकू अर्ध्या उभ्या, गुडघा थरथरतोय, काकांचं अंग तेच लाकडासारखं. माझ्या हाताने मला विचारलं नाही. मी मागून सरकले आणि काकूंच्या पट्ट्यात दोन बोटं घातली.

मॅडमना माझा हात दिसत नव्हता. एक क्षण गेला असेल, फार तर दोन. मग काका ‘आली’ म्हणाले, वळले आणि काकूंना सीटवर टेकवलं. मुलाने टाळ्या वाजवल्या. मॅडमने सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला.

त्या क्षणी बोटांवर वजन आलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कधी वाटतं, पट्टा सैल होता, सगळं त्यांनीच पेललं. कधी वाटतं, माझ्या बोटांनी तोलून धरलं म्हणून ते वळू शकले. मॅडमना सांगायला हवं होतं. नियम साधा आहे, हात लागला की पुन्हा. पण पुन्हा केलं आणि जमलं नाही तर? काकू रिक्षात बसून आमच्या सगळ्यांकडे बघत होत्या. मी सही केली. कुणालाही काही बोलले नाही. मुलाने नायगावच्या बाईला नको म्हणून कळवलं आणि निर्मळला सकाळपुरती आंघोळ घालायला एक बाई लावून दिली.

काकू गेल्या त्या खोलीत दुसऱ्या दिवशी एक नवीन बाई आली, डावी बाजू, अठ्ठेचाळीस किलो, चावणारी. मी कामाला लागले. पण मधूनच, कुणाला उठवत असताना, निर्मळचं न्हाणीघर डोळ्यांपुढे यायचं. ते मी पाहिलेलं नव्हतं, तरी यायचं. ओली फरशी, काका एकटे, आणि कागदावर माझी सही.

तीन आठवड्यांनी काकूंना पुन्हा तपासणीला न्यायचं होतं, म्हणून मी व्हॅन घेऊन निर्मळला गेले. केळीच्या वाडीतून आत गेलं की बैठं घर, पुढे शेणाने सारवलेलं नाही तर लादी घातलेलं अंगण, एका बाजूला ताडपत्रीखाली झाकलेली स्कूटर. काकू व्हरांड्यात खुर्चीत बसल्या होत्या, वेणी घातलेली, वेणीत अबोली. मला बघून डावा हात वर केला. मग काका आतून आले. लंगडत होते. उजव्या कोपराला मोठं बँडेज आणि कपाळावर टेंगूळ, हिरवंनिळं.



‘पडलात?’

‘परवा संध्याकाळी,’ ते म्हणाले. ‘न्हाणीघरात.’

‘आणि काकू?’ मी त्यांच्या उत्तराची वाट न बघता काकूंपाशी गेले, हात, खांदा, डोकं, कंबर, सगळं चाचपून पाहिलं. कुठेही काही नव्हतं. काकू मला ‘नको नको’ म्हणत गुदगुल्या झाल्यासारखं हसत होत्या.

‘ब्रेक लावला होता का?’

काकांनी कोपराचं बँडेज चाचपलं.

‘ब्रेक लावला होता का, काका?’

‘विसरलो.’

मग मी जी सुटले ती सुटले. अंगणात उभी राहून बोलले, शेजारची बाई कुंपणाशी येऊन ऐकत होती तरी बोलले. दहा दिवस घसा फोडून काय सांगत होते मी? डोकं आपटलं असतं परत तर? सही माझी आहे त्या कागदावर, माझी! बोलताना माझाच आवाज फाटत होता आणि मला माहीत होतं की मी त्यांच्यावर नाही, माझ्या दोन बोटांवर ओरडतेय. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली नव्हती त्यांची, हे मला तेव्हाच खटकलं.

‘खुर्ची मागे सरकली,’ मी थांबल्यावर ते म्हणाले. ‘वजन सुटलं ते मला कळलं. लगेच कळलं, मावशी. सोडलं नाही मी. मग दोघंही गेलो. मी खाली, ती माझ्यावर. उठता येईना, म्हणून शेजारीण येईपर्यंत तिथेच बसलो, पाण्यात. तासभर तरी बसलो असू.’

‘तासभर?’

‘ती हसत होती,’ काका म्हणाले. ‘या खेपेला एकटी नाही पडली ती.’

आनंदाची बातमी सांगावी तसं ते मला सांगत होते, आणि ती होतीच.